पहिल्या पानाचा भाव

एकोणतीस वर्षं आर्विद कुलुपं उघडतोय डुलुथमध्ये
आणि एकोणतीस वर्षं मी त्याची वही लिहितेय.
सरोवर गोठलं की आमचा धंदा वाहू लागतो:
किल्ली गाडीत, गाडी चालू, माणूस बाहेर
उणे बाविसात,
हातमोज्यातून एकच बोट काढून फोनवर लिहितोय,
कुलूपवाला. जवळचा. आत्ता.

त्या बोटाला आम्ही दिसत नाही.
आम्ही तिसऱ्या पानावर,
बंद पडलेल्या एका पिझ्झावाल्याच्या खाली.
गारठलेलं बोट तिसऱ्या पानापर्यंत जात नाही
हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणून भाव मागवले.
पहिला मेलवर आला: महिना नव्व्याण्णव डॉलर,
तीस दिवसांत पहिला नंबर, हमखास.
‘हमखास’ आर्विदने मोठ्याने वाचलं,
आणि खोक्यावर ‘अभेद्य’ छापलेल्या कुलुपाकडे
तो बघतो ना, तसा पडद्याकडे बघत राहिला.

दुसरा मिनियापोलिसहून, कोल्टन नावाचा मुलगा,
बूट इतके स्वच्छ की आमच्या पायपुसण्याला संकोच.
महिना चार हजार, वर्षाचा करार.
मी विचारलं, चार हजारांत येतं काय?
तो म्हणाला, दृश्यमानता.
मी रकमेच्या रकान्यात आकडा लिहिला
आणि वस्तूच्या रकान्यात जागा सोडली.

तिसरी डिलिया, पुलापलीकडची.
महिना नऊशे, आणि सहा महिने
काहीच झालेलं दिसणार नाही, म्हणाली.
तुमचा पत्ता चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलाय,
आधी तो एक करू.
कॉफी संपवून उठता उठता म्हणाली,
वरच्या पाच जणांपैकी चौघांना
या गावात दुकानच नाही.

सहा महिने काही दिसणार नाही त्याचे पैसे?
आर्विद तणतणला.
चार मिनिटांत उघडलं, त्याचे एवढे?
म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचाच आवाज, अगदी तोच.
मी काही बोलले नाही.

त्या रात्री त्याने माझ्या फोनवरून
पहिल्या नंबरवाल्याला फोन लावला.
बाहेर अडकलोय म्हणाला,
शेगडीपाशी बसून, पायांत लोकरी मोजे.
पलीकडे एक गोड आवाज, त्याच्यामागे पन्नास गोड आवाज.
गावाचं नाव चुकीचं उच्चारलं,
पण आमचा माणूस दहा मिनिटांवर आहे म्हणाला.
पत्ता आर्विदने शेजारच्या बेकरीचा दिला.
एकशे नव्वद होतील, साहेब.

चौथ्या मिनिटाला
टेबलावरचा आर्विदचा स्वतःचा फोन वाजला.
बेकरीच्या दारात गिऱ्हाईक अडकलंय. जाणार?
तुम्हाला पासष्ट.

सवयीने तो ‘जातो’ म्हणाला.
मग एका कानाला माझा फोन, एका कानाला त्याचा,
आणि मधल्या मधे तो,
स्वतःचीच वाट बघत.

अशी कामं तो दोन वर्षं करत होता.
कुठूनतरी वरून यायची,
म्हणून वहीत मी त्यांना ‘वरची’ म्हणायचे,
वरकमाई झाल्यासारखी.
दिवा ओढून घेतला, मोजली:
गेल्या हिवाळ्यात एकशे शहाऐंशी.
दर कुलपामागे एकशे पंचवीस
गावाचं नाव धड न घेता येणाऱ्याच्या खिशात.
तेवीस हजार दोनशे पन्नास.
दोनदा बेरीज केली. तीच आली.

किती पडेल, किती पडेल,
म्हणून तिघांना विचारत बसलो होतो,
आणि भरत होतो केव्हाचे,
बिनपावतीचे.

सकाळी डिलियाला हो कळवलं.
आता पाचवा महिना आहे, आम्ही दुसऱ्या पानावर,
पिझ्झावाला मागे पडला.
आर्विद रोज दार लोटताना विचारतो, उघडलं का?
आणि मी त्याचीच भाषा त्याला ऐकवते:
दोन पिना बसल्यात.
तिसरीला हात लावलाय.
जोर करू नकोस.